चितगावचे शर्ट : दोन सवलतींवर उभा राहिलेला उद्योग आणि त्याच्या कुंपणाबाहेर राहिलेला देश

४ जुलै १९७८ रोजी बांगलादेशातल्या 'देश गार्मेंट्स' या नव्या कंपनीने दक्षिण कोरियाच्या देवू समूहाशी करार केला. स्वतंत्र होऊन सातच वर्षं झालेल्या देशाच्या निर्यातीत तेव्हा ताग आणि तागाच्या वस्तूंचंच राज्य होतं. १९७४ चा दुष्काळ लोकांच्या अंगावर ताजा होता. मोठे कारखाने १९७२ च्या राष्ट्रीयीकरणात सरकारकडे गेले होते. परदेशी बाजारासाठी कपडे शिवण्याचा अनुभव जवळजवळ नव्हताच. त्याच वर्षी रियाझ गार्मेंट्सने पॅरिसला शर्ट पाठवले होते, पण ती एखाद-दुसरी खेप होती, उद्योग नव्हता.

आज बांगलादेश चीनच्या खालोखाल तयार कपडे निर्यात करणाऱ्या देशांमध्ये मोडतो. २०२१-२२ मध्ये ही निर्यात ४२ अब्ज डॉलरच्या वर गेली आणि देशाच्या एकूण निर्यातीत तिचा वाटा ८० टक्क्यांहून जास्त आहे. विकसनशील देशाने व्यापारधोरणातून कारखानदारी कशी उभारावी, या चर्चेत हे उदाहरण सतत दिलं जातं. स्वस्त मजुरीमुळे हे घडलं असं म्हणणारे आहेत, खुल्या व्यापारामुळे घडलं असं म्हणणारेही आहेत. दोन्ही उत्तरं मला अपुरी वाटतात. मजुरी नेपाळमध्येही स्वस्त होती, आणि बांगलादेशचा व्यापार तेव्हा खुला नव्हता, आजही फारसा नाही.

देवू बांगलादेशात का आली?

याचं उत्तर श्रीमंत देशांच्या संरक्षणात आहे. अमेरिका आणि युरोपातल्या कापड गिरण्यांना आशियातल्या स्वस्त मालाची झळ लागू लागल्यावर १९६० च्या दशकात आधी सुती कापडापुरती आणि १९७४ पासून कृत्रिम धागा व लोकरीसह सगळ्यांसाठी कोटा पद्धत आली. 'मल्टिफायबर करार' या नावाने ती ओळखली जाते. कोणत्या देशाने कोणत्या प्रकारचे किती कपडे पाठवायचे, हे आयात करणारा देश वाटाघाटी करून ठरवत असे. कोरियाचा कोटा भरत आला होता. देवूकडे यंत्रं होती, कौशल्य होतं, ग्राहक होते, पण शर्टाच्या कॉलरला 'कोरियात तयार' अशी पट्टी लावून आणखी माल पाठवणं शक्य नव्हतं. बांगलादेशवर कोटाच नव्हता, कारण बांगलादेश कपडे निर्यातच करत नव्हता. ज्या भिंतीने कोरियाला अडवलं, तिनेच बांगलादेशला वाट करून दिली.

देवूचे अध्यक्ष किम वू-चुंग यांनी राष्ट्राध्यक्ष झियाउर रहमान यांच्याशी संपर्क साधला आणि पुढे नुरुल कादेर खान यांचं नाव समोर आलं. खान मूळचे सनदी अधिकारी. १९७१ मध्ये ते पाबन्याचे जिल्हाधिकारी होते, मुक्तियुद्धात उतरले आणि मुजीबनगरच्या हंगामी सरकारात सचिव झाले. कारखानदारीचा अनुभव नव्हता, पण सरकारी नियम कुठे अडवतो आणि तो कोणाच्या सहीने बदलतो, हे त्यांना नेमकं ठाऊक होतं. पुढच्या गोष्टीत ही माहिती शिलाई मशिनांइतकीच कामाला आली.

करार साधा होता. देवूने यंत्रं घ्यायला मदत करायची, माणसं शिकवायची, माल विकून द्यायचा आणि बदल्यात स्वामित्वशुल्क व दलाली मिळून विक्रीच्या ८ टक्के रक्कम घ्यायची. भांडवल देश गार्मेंट्सचं, मालकीही त्यांचीच. १९७९ मध्ये सुमारे १३० जण कोरियात बुसानच्या कारखान्यात सहा महिने शिकायला गेले. त्यांत पर्यवेक्षक होते, शिलाई कामगार होते आणि काही स्त्रियाही होत्या. शिवणकाम त्यातला एक भाग होता. साखळीत एका माणसाने एकच टाका मारायचा, पुढच्याच्या हातात कपडा किती सेकंदांत पोचला पाहिजे, मापातली चूक कुठे पकडायची, खेप जहाजावर चढण्याच्या तारखेपासून मागे मोजत कापड कधी कापायला घ्यायचं, हे सगळं ती माणसं पाहून आली.

१९८० मध्ये चितगावच्या कालूरघाटला उत्पादन सुरू झालं. पहिल्या वर्षात ४३ हजार शर्ट निघाले. १९८७ मध्ये हा आकडा २३ लाखांवर गेला. मधल्या काळात, ३० जून १९८१ रोजी, देश गार्मेंट्सने देवूशी करार वेळेआधीच संपवला. शिकायचं होतं ते शिकून झालं होतं.

त्याहून महत्त्वाची घटना कारखान्याबाहेर घडली. कोरियाहून शिकून आलेल्यांपैकी शंभराहून अधिक जण पुढच्या काही वर्षांत देश गार्मेंट्स सोडून गेले. कुणी स्वतःचा कारखाना काढला, कुणाला नव्या मालकाने जास्त पगारावर उचललं. कंपनीच्या दृष्टीने हे नुकसान होतं, कारण खर्च त्यांनी केला आणि लाभ इतरांच्या पदरात पडला. राष्ट्राच्या दृष्टीने हीच खरी कमाई होती. अर्थशास्त्रात ज्ञानाच्या प्रसाराबद्दल भरपूर लिहिलं जातं, पण माणसांची नावं-पत्ते सांगता येतील इतकं ठळक उदाहरण क्वचित सापडतं. म्हणूनच उद्योगधोरणात पहिल्या काही कंपन्यांना प्रशिक्षणाचा खर्च सरकारने भरून द्यावा असं मला वाटतं. एका कंपनीचा तोटा आणि सगळ्या धंद्याचा फायदा यांच्यातली दरी बाजार आपणहून भरत नाही.

दोन कागद

आता या प्रकरणाच्या गाभ्याकडे येतो. कोटा नसणं ही संधी होती, प्रशिक्षण हे कौशल्य होतं. पण शर्टाला कापड लागतं आणि निर्यातीच्या दर्जाचं कापड बांगलादेशात तयार होत नव्हतं. ते कोरिया, तैवान, हाँगकाँगहून आणायचं. त्यासाठी परकीय चलन लागणार, जे देशाकडे नव्हतं. कापडावर आयातशुल्क लागणार, तेही जबर, कारण देशातल्या गिरण्यांना संरक्षण द्यायचं होतं. शर्टाच्या किमतीत कापडाचा वाटा सगळ्यात मोठा. त्यावर शुल्क भरून न्यूयॉर्कच्या खरेदीदाराला परवडेल असा भाव देता येणं अशक्य होतं.

यावर दोन उपाय निघाले आणि दोन्हींमागे खान यांचा पाठपुरावा होता.

पहिला, बॅक-टू-बॅक एलसी. परदेशी खरेदीदार शर्टांसाठी आपल्या बँकेमार्फत एलसी, म्हणजे पैसे देण्याची हमी, उघडतो. कारखानदार ती घेऊन ढाक्यातल्या किंवा चितगावातल्या बँकेत जातो. बँक त्याच हमीच्या आधारावर कापड विकणाऱ्याच्या नावे दुसरी एलसी उघडते आणि तिचे पैसे तीन-चार महिन्यांनी द्यायचे असतात. तोवर कापड येतं, कापलं जातं, शिवून जहाजावर चढतं, शर्टांचे डॉलर बँकेत जमा होतात आणि त्यातून कापडवाल्याचे पैसे भागतात. उरते ती शिलाई, पगार आणि नफा. म्हणजे गाठीला भांडवल नसलेला, ज्याच्या नावावर तारण ठेवायला जमीनही नाही असा माणूस केवळ मागणीपत्राच्या बळावर लाखो डॉलरचं कापड आणू शकतो. देशाच्या परकीय गंगाजळीला हात लावावा लागत नाही.

दुसरा, बाँडेड वेअरहाउस. कापड शुल्क न भरता थेट कारखान्याच्या गोदामात येतं. ते गोदाम सीमाशुल्क खात्याच्या बंधपत्राखाली असतं. आत आलेल्या प्रत्येक मीटरचा हिशोब बाहेर गेलेल्या शर्टांशी जुळला पाहिजे, नाहीतर शुल्क आणि दंड. आधी शुल्क भरा आणि निर्यातीनंतर परतावा मागा, ही पर्यायी पद्धत कागदावर तितकीच न्याय्य दिसते. पण परताव्यासाठी महिनोन्‌महिने खेटे घालावे लागले की लहान निर्यातदाराचं खेळतं भांडवल त्यातच अडकतं. गोदामाच्या पद्धतीत पैसे आधी सरकारकडे जातच नाहीत, त्यामुळे परत मिळवण्याचा प्रश्न येत नाही.

यात गैरप्रकार झाले. शुल्कमुक्त कापड ढाक्याच्या इस्लामपूरच्या घाऊक बाजारात गुपचूप विकलं जातं ही तिथली जुनी तक्रार आहे आणि स्थानिक विणकरांचा त्यावर राग रास्त आहे. पण गळती होते म्हणून सवलत बंद केली नाही, हा निर्णय मोलाचा ठरला. किती पीस शर्टांना किती कापड लागलं याचं प्रमाणपत्र देण्याचं काम पुढे कपडे निर्यातदारांच्या संघटनेकडे, बीजीएमईएकडे, सोपवलं गेलं. त्यामुळे वेग वाढला आणि संघटनेच्या हाती सत्ताही आली. या सत्तेचे परिणाम पुढे दिसले.

लक्षात घ्या, सरकारने कापडावरचं शुल्क उठवलं नाही. देशभर तटबंदी तशीच ठेवून तिच्या आत एक मोकळं बेट तयार केलं. १९८० च्या दशकातल्या बांगलादेशात सरसकट शुल्ककपात राजकीयदृष्ट्या पेलली नसती. बेट पेललं.

मुंबईत तेव्हा काय चाललं होतं?

मराठी वाचकाच्या मनात ही तुलना येणारच. देश गार्मेंट्सच्या पहिल्या मोठ्या खेपा निघत होत्या त्याच काळात, १८ जानेवारी १९८२ ला, डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईतला गिरणी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. गिरण्या कापडाच्या होत्या आणि चितगावचे कारखाने तयार कपड्यांचे, त्यामुळे एकाचं काम दुसऱ्याने हिरावलं असं म्हणणं चुकीचं ठरेल. पण प्रश्न उरतोच. कापूस, सूत, कापड, शिंपी, बंदर, सगळं मुंबईच्या आवाक्यात असताना गिरणगावातून बाहेर पडलेल्या माणसांना, त्यांच्या बायकामुलींना सामावून घेणारे हजार-हजार मशिनांचे शिवण कारखाने इथे का उभे राहिले नाहीत?

एक कारण कोटा. भारत जुना निर्यातदार, त्यामुळे त्याच्यावर मर्यादा आधीपासून होत्या. दुसरं कारण आपण स्वतः निर्माण केलेलं होतं. तयार कपडे लघुउद्योगासाठी राखीव होते. यंत्रांतली गुंतवणूक ठरावीक मर्यादेपलीकडे गेली की कारखाना त्या वर्गातून बाहेर पडे. हे आरक्षण उठायला २००० चं वस्त्रोद्योग धोरण यावं लागलं. शुल्कमुक्त आयातीचे परवाने आपल्याकडेही होते, पण ते मिळवणं आणि त्यांची पूर्तता दाखवणं हे काम जाणकार दलालांचं होऊन बसलं. लहान उद्योगाला जपण्याचा हेतू चांगलाच होता. त्या हेतूची किंमत मात्र ज्यांना पहिली पक्की नोकरी मिळू शकली असती अशा लाखो स्त्रियांनी मोजली, आणि त्यांची बाजू मांडायला धोरण ठरवणाऱ्या बैठकीत कुणी नव्हतं.

भिंत सरकते, नियम बदलतात

१९८५ मध्ये अमेरिकेने बांगलादेशवरही कोटा लावला. ब्रिटन आणि फ्रान्सनेही निर्बंध आणले. १९८३-८४ मध्ये ज्या देशाची कपडे निर्यात जेमतेम ३ कोटी डॉलर होती, त्याच्यामुळे या अर्थव्यवस्थांना धोका पोचतो असं त्यांना वाटलं. नवे कारखाने बंद पडले, माणसं रस्त्यावर आली. ब्रिटन आणि फ्रान्सने वर्षभरात माघार घेतली, अमेरिकेचा कोटा राहिला. त्यातूनही बांगलादेश सावरला, कारण कोटा मिळाला म्हणजे निदान तेवढी बाजारपेठ निश्चित झाली, आणि युरोपचं दार विनाशुल्क उघडं होतं.

युरोपच्या सवलतीला अट होती. कपडा केवळ शिवून चालणार नाही, त्याआधीचा टप्पाही त्याच देशात झाला पाहिजे. या मूळस्थान नियमामुळे बांगलादेशात सूतगिरण्या आणि निटिंगचे, म्हणजे होजिअरीचं कापड बनवण्याचे, कारखाने उभे राहिले, विशेषतः नारायणगंज आणि गाझीपूर पट्ट्यात. स्थानिक सूत वापरणाऱ्या निर्यातदाराला सरकार रोख प्रोत्साहन देई, सुरुवातीला तब्बल २५ टक्क्यांपर्यंत. टी-शर्ट, पोलो अशा निटच्या कपड्यांचं बहुतेक कापड आज देशातच तयार होतं. विणलेल्या कापडाच्या, म्हणजे शर्ट-पँटच्या बाबतीत तसं झालं नाही, तिथे मोठा हिस्सा अजून चीनकडून येतो. २०११ पासून युरोपने अल्पविकसित देशांसाठी नियम सैल केला आणि फक्त शिलाई झाली तरी पुरे असं ठरवलं. निर्यात झपाट्याने वाढली, विणकामाच्या गिरण्या काढण्याचा दबाव मात्र गेला.

इथेच महाराष्ट्राशी खरा धागा जुळतो. बांगलादेशात कापूस नगण्य पिकतो, सूतगिरण्यांना जवळजवळ सगळा बाहेरून आणावा लागतो आणि भारत हा त्यांचा मोठा पुरवठादार आहे. विदर्भ-खानदेशातल्या जिनिंगच्या गाठी आणि भारतातलं सूत त्या साखळीत जातं. ढाक्यातली मागणी मंदावली की इकडच्या रुईच्या भावावर त्याचा परिणाम होतो.

१ जानेवारी २००५ रोजी कोटा पद्धत संपली. बांगलादेशचा उद्योग कोट्याच्या कृपेने जगला, आता चीन तो गिळून टाकणार, असं भाकीत सर्रास केलं जात होतं. तसं झालं नाही. २००४-०५ मध्ये निर्यात ६.४ अब्ज डॉलर होती, पुढच्या वर्षी ती आणखी वाढली. युरोप आणि अमेरिकेने चीनवर काही वर्षं तात्पुरते निर्बंध ठेवले याची मदत झाली. पण पंचवीस वर्षांत मर्चंडायझर, पॅटर्न मास्टर, लाइन चीफ, बँकेतले एलसी अधिकारी, बंदरातले क्लिअरिंग एजंट असं जे मनुष्यबळ तयार झालं होतं, ते कोट्याबरोबर नाहीसं होणारं नव्हतं.

किंमत

२४ एप्रिल २०१३ ला ढाक्याजवळच्या साभारमधली राना प्लाझा ही कपडे कारखान्यांची इमारत कोसळली. ११०० हून अधिक माणसं गेली, बहुतेक शिवणकाम करणाऱ्या स्त्रिया. आदल्या दिवशी भिंतींना तडे दिसले होते, खालच्या मजल्यावरची बँक बंद ठेवली गेली, कपडे कारखान्यांच्या कामगारांना मात्र आत बोलावलं गेलं. त्याआधी पाचच महिने ताझरीन या कपडे कारखान्याच्या आगीत शंभरावर कामगार जळून मेले होते.

या मृत्यूंना उद्योगीकरणाची अटळ किंमत म्हणणं मला मान्य नाही. कारखान्यांचे मालक संसदेत होते, संघटनेच्या हाती प्रमाणपत्रं होती, कामगारांच्या संघटनेला जागा नव्हती. हा राजकीय निर्णयांचा परिणाम होता आणि तो बदलता येतो हे लगेचच सिद्धही झालं. मे २०१३ मध्ये ब्रँड आणि कामगार संघटनांमध्ये कायद्याने बंधनकारक असा सुरक्षा करार झाला, हजारावर कारखान्यांची तपासणी झाली, तडे गेलेल्या इमारती रिकाम्या केल्या गेल्या. याच उद्योगाने ही सुरक्षा पेलली आणि तरीही निर्यात वाढतच राहिली.

मजुरीचं तसं झालं नाही. किमान मासिक वेतन १९९४ मध्ये ९३० टाका (बांगलादेशचं चलन) होतं आणि नंतर तब्बल बारा वर्षं तिथेच राहिलं. २०१३ मध्ये ते ५,३०० आणि २०२३ मध्ये १२,५०० झालं. त्या वेळी कामगारांची मागणी २३ हजारांची होती. तरीही या नोकऱ्यांनी लाखो मुलींना लग्नाआधी स्वतःची कमाई दिली, शहरात खोली घेऊन राहण्याची ऐपत दिली. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि एकीने दुसरी झाकली जाऊ नये.

शर्टापलीकडे काही का नाही?

चाळीस वर्षांत कोरिया शर्टावरून पोलाद, जहाजं, चिप्सपर्यंत पोचला. बांगलादेश शर्टावरच राहिला. मला वाटतं, त्याचं मूळ त्या बेटात आहे.

कपडे निर्यातदाराला जगाच्या भावात कच्चा माल मिळतो. बूट, सायकल, प्लास्टिक, चिनी माती, खाद्यपदार्थ बनवणाऱ्याला ती सोय एक तर मिळत नाही किंवा इतकी किचकट मिळते की तो नाद सोडतो. बाँडची सोय मुख्यतः पूर्णपणे निर्यातीसाठी असलेल्या कारखान्यासाठी बेतलेली. जो थोडा माल देशात आणि थोडा परदेशी विकतो, तो तिच्या चौकटीत नीट बसत नाही. शिवाय आयातशुल्काच्या जोडीला पूरक शुल्क आणि नियामक शुल्क आहे. त्या आडोशाला देशांतर्गत बाजारात बूट किंवा बिस्किटं चढ्या भावाने खपतात. जो घरी जास्त नफा कमावतो तो कडक ग्राहकाच्या मागे जगभर का फिरेल? अर्थतज्ज्ञ झैदी सत्तार हे अनेक वर्षं हेच सांगत आले आहेत. कोरियानेही संरक्षण दिलं होतं, पण त्या बदल्यात निर्यातीचं लक्ष्य गाठायला लावलं आणि न गाठणाऱ्याचं कर्ज तोडलं. बांगलादेशात संरक्षण बिनशर्त मिळालं.

चामड्याचं उदाहरण बोलकं आहे. कातडी देशातच मिळते, कसब जुनं आहे. पण ढाक्याच्या हजारीबागेतले चर्मोद्योग २०१७ मध्ये साभारला हलवले तेव्हा सांडपाणी प्रक्रिया केंद्र नीट तयारच नव्हतं. प्रदूषणाच्या निकषांत न बसल्याने मोठ्या ब्रँडची दारं बंद राहिली आणि चांगलं कातडं कमी भावात विकावं लागलं. कपड्यांच्या संघटनेइतकी वट या धंद्याची सरकारदरबारी नाही. एक उद्योग इतका मोठा झाला की धोरणाची सगळी दृष्टी त्याच्याकडेच वळली.

आणि आता बाहेरचे नियम पुन्हा हलत आहेत. अमेरिकेने बांगलादेशच्या कपड्यांना कधीच सवलत दिली नव्हती, साध्या सुती टी-शर्टवर तिथे १६.५ टक्के शुल्क लागतं. त्यावर २०२५ मध्ये आणखी २० टक्के चढवण्यात आले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये बांगलादेशने भारतीय सुताची खुष्कीच्या मार्गाने होणारी आयात थांबवली. मे महिन्यात भारताने बांगलादेशी कपड्यांना सर्व भू-चौक्या बंद करून फक्त न्हावा शेवा आणि कोलकाता बंदरांतून प्रवेश ठेवला. पश्चिम बंगालच्या सीमेवरल्या पेट्रापोलहून ट्रकने येणाऱ्या मालाला त्यामुळे समुद्रातून वळसा घालावा लागला. दोन्ही बाजूंच्या सरकारांनी हे एकमेकांना धडा शिकवायला केलं असेल, पण त्यात सूत विकणारा इथला आणि शर्ट शिवणारा तिथला, दोघेही नाडले गेले.

त्याहून मोठा बदल पुढे आहे. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २०२१ मध्ये ठरवल्यानुसार २४ नोव्हेंबर २०२६ ही बांगलादेशने अल्पविकसित देशांच्या यादीतून बाहेर पडण्याची तारीख आहे. युरोपने त्यानंतर तीन वर्षांची मुदत देऊ केली आहे. मुदत संपल्यावर अल्पविकसित देशांच्या वरच्या वर्गातल्या देशांना मिळणारी शुल्कसवलत मागायची तर कापडही देशात विणलेलं असावं ही जुनी अट परत येते. निटवाले ती पाळू शकतील. चिनी कापडावर चालणाऱ्या शर्टवाल्यांना एक तर गिरण्या काढाव्या लागतील, नाहीतर साधारण १२ टक्के शुल्क भरावं लागेल. विणकाम आणि रंगाईची गिरणी शिवण कारखान्यासारखी काही महिन्यांत उभी राहत नाही. तिला मुबलक गॅस, पाणी आणि दहा वर्षांचं कर्ज लागतं. बांगलादेशात गॅसचा तुटवडा आहे आणि बँका थकीत कर्जांनी वाकल्या आहेत.

त्यामुळे ढाक्यातल्या सरकारपुढचं पहिलं काम मला दोन भागांत दिसतं. बूट, सायकल, प्लास्टिक, औषधं बनवणाऱ्यांना, त्यांनी निम्मा माल देशात विकला तरी, कपड्यांसारखीच बॅक-टू-बॅक एलसी आणि शुल्कमुक्त गोदाम द्यावं, लहान कारखान्यांसाठी सामाईक गोदामं काढावीत. आणि पूरक शुल्क दरवर्षी ठरलेल्या टप्प्याने, आधी जाहीर करून, उतरवावं. पहिल्या भागाला नवा कायदा किंवा मोठा पैसा लागत नाही. १९८० मध्ये लागला नव्हता.